मोठी स्टेपर मोटर, भाजणारे टीआयपी १२२ आणि बारा व्होल्टचा सप्लाय

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. नाशिकच्या अंबड लिंक रोडच्या भंगारातून तुम्ही ८६ मिलिमीटर तोंडाची, सहा वायरची स्टेपर मोटर (ठरावीक कोनाच्या टप्प्यांनी, म्हणजे स्टेपने फिरणारी) आणलीत. प्लेटवर १.८ अंश आणि ४ अँपिअर एवढंच वाचता येतं. मीटरने मधल्या वायरपासून टोकापर्यंत ०.९ ओहम येतात. तिच्यावर बेदाण्याच्या पाकिटांची फिल्म ओढणारा रोलर फिरवायचा आहे. आधी छोट्या मोटरवर यूएलएन २००३ हा ट्रान्झिस्टरचा तयार आयसी छान चालला होता, म्हणून त्याच धर्तीवर आर्डुइनो या कंट्रोलर बोर्डाच्या चार पिना, प्रत्येकी १ किलोओहम आणि चार टीआयपी १२२ ट्रान्झिस्टर लावले. कॉइलच्या टोकांपासून प्लसला १एन४००७ डायोड दिले आणि १२ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस जोडला. मोटर सावकाश फिरते, वेग वाढवला की जागेवरच थरथरते. ट्रान्झिस्टर दहा मिनिटांत भाजतात, दोन उडाले. आता २एन३०५५ लावू, की टीआयपी दोन-दोन समांतर जोडू?

दोन्ही नको. अंबड-सातपूरला पॅकिंग मशिनची पॅनल दुरुस्त करण्यात माझी वीसेक वर्षं गेली आणि हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी कितीदा तरी ऐकलाय. प्रत्येकाला वाटतं, मोटर मोठी म्हणजे ट्रान्झिस्टर मोठा हवा. तुमच्याकडे मात्र ट्रान्झिस्टरची ताकद कमी पडलेली नाही. करंट कॉइलमध्ये वेळेत चढत नाही आणि चढलेला वेळेत उतरत नाही, खरी गोम इथे आहे. ट्रान्झिस्टर तापतोय तो वेगळ्याच कारणाने. ते आधी उरकू.

४ अँपिअर गुणिले ०.९ ओहम म्हणजे ३.६ व्होल्ट. उभ्या मोटरला एवढेच व्होल्ट पुरतात. तुम्ही दिले १२. ट्रान्झिस्टर पूर्ण उघडला असता तर एका कॉइलमधून दहाएक अँपिअर गेले असते. ते गेले नाहीत, कारण १ किलोओहममधून बेसला जेमतेम तीन-साडेतीन मिलिअँपिअर मिळतात. टीआयपी १२२ चा गेन (बेसच्या करंटच्या कितीपट करंट कलेक्टरला येतो तो आकडा) किमान हजार धरला तर कलेक्टरला साडेतीन-चार अँपिअर येतात, आणि तिथेच तो करंट अडवून धरतो. म्हणजे कॉइलवर ३.६ व्होल्ट पडतात आणि उरलेले ८.४ व्होल्ट ट्रान्झिस्टरच्या अंगावर. ८.४ गुणिले ४ म्हणजे जवळजवळ ३४ वॉट, आणि एका वेळी दोन फेज, म्हणजे मोटरच्या दोन्ही गुंडाळ्या, चालू असतात. तुम्ही पाठवलेल्या फोटोतल्या काडेपेटीएवढ्या हीटसिंकवर ३४ वॉट! दहा मिनिटं टिकले हेच नवल.

बेसचा रेझिस्टर कमी करून ट्रान्झिस्टर पूर्ण उघडावा, तर करंट आठ-दहा अँपिअरकडे धावणार. टीआयपी १२२ ची मर्यादा सलग ५ अँपिअरची, आणि तुमचा एसएमपीएस दोन फेज मिळून होणारा करंट बघून ट्रिप होणार. इकडे आड, तिकडे विहीर. करंटला बाहेरून काहीतरी लगाम हवा, तो तुमच्या सर्किटमध्ये कुठेच नाही. छोट्या मोटरच्या कॉइलचा स्वतःचा रेझिस्टन्सच पन्नासएक ओहम असतो, तोच लगाम होता. म्हणून यूएलएन २००३ ने तुम्हाला कधी त्रास दिला नाही.

२एन३०५५ बद्दल एवढंच सांगतो: ४ अँपिअरला त्याचा गेन २० पर्यंत खाली येऊ शकतो. नीट सॅच्युरेट करायचा, म्हणजे पूर्ण उघडायचा तर बेसला ४०० मिलिअँपिअरच्या आसपास द्यावे लागतात. आर्डुइनोची पिन २० वर सुखात असते आणि ४० वर मरणाच्या दारात. मग मध्ये आणखी एक ट्रान्झिस्टर लावाल, म्हणजे फिरून डार्लिंग्टनच (एकामागे एक दोन ट्रान्झिस्टर, टीआयपी १२२ आतून तोच) झाला. समांतर जोडणीत तर जो जास्त तापतो तोच आणखी करंट ओढतो, दुसरा निवांत बसतो. प्रत्येकाच्या एमिटरला छोटे रेझिस्टर घालून ते आवरता येतं, पण आज मॉस्फेट (गेटवरच्या व्होल्टेजने उघडणारा ट्रान्झिस्टर) मिळत असताना ती मेहनत कशासाठी? आयआरएफ ५४०एन या मॉस्फेटचा उघडल्यावरचा रेझिस्टन्स ०.०४४ ओहम. ४ अँपिअरला पाऊण वॉटसुद्धा होत नाही, तापल्यावर दीडेक धरा. पूर्ण उघडलेला टीआयपी त्याच करंटला तीनेक व्होल्ट, म्हणजे बारा वॉट खाऊ शकतो.

आता मुख्य गोष्ट. कॉइल म्हणजे इंडक्टन्स, करंट बदलायला विरोध करणारा गुण. तुमच्या मोटरचा आकडा प्लेटवर नाही, पण या मापाच्या मोटरला अर्ध्या कॉइलचे (मधल्या वायरपासून एका टोकापर्यंत) ४ मिलिहेन्री धरून हिशोब करू. तुमच्या हातात इंडक्टन्स मोजणारा एलसीआर मीटर आला तर खरा आकडा घाला, पद्धत तीच राहील. ४ मिलिहेन्री भागिले ०.९ ओहम म्हणजे सुमारे ४.४ मिलिसेकंद, ही या कॉइलची चाल, करंट चढायला किती वेळ लागतो त्याचं माप. एका फेऱ्याला २०० स्टेप. दोन फेज चालू ठेवून फुल स्टेपने फिरवलं तर प्रत्येक अर्धी कॉइल एका खेपेला दोन स्टेपभर चालू राहते. सेकंदाला एक फेरा असेल तर १० मिलिसेकंद मिळतात, भरपूर झाले. सेकंदाला पाच फेरे झाले की हातात उरतात २ मिलिसेकंद. नुसते ३.६ व्होल्ट दिले तर तेवढ्यात करंट ४ अँपिअरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या थोडा वरच पोचतो. टॉर्क करंटवर चालतो, त्यामुळे मोटर थरथरते आणि स्टेप खाते, म्हणजे चुकवते.

हाच करंट शून्यापासून ४ अँपिअरपर्यंत चढायला, ट्रान्झिस्टर मध्ये व्होल्ट खात नाही असं धरून, १२ व्होल्टला १.६ मिलिसेकंद लागतात, २४ व्होल्टला ०.७ आणि ४८ व्होल्टला ०.३५ च्या आत. शिवाय फिरणारी मोटर स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करते, तो वेगाबरोबर वाढतो आणि सप्लायमधून वजा होतो. म्हणून मोठ्या स्टेपरला तिच्या कॉइलच्या व्होल्टच्या दहा-पंधरा पट सप्लाय देतात आणि करंट मात्र ४ वरच रोखून धरतात. ३.६ व्होल्टच्या मोटरला ४८ व्होल्ट द्यायचे म्हटलं की लोक दचकतात. मीही दचकलो होतो.

चढण्याइतकंच उतरणंही महत्त्वाचं, आणि इथे तुमचे डायोड आडवे येतात. रिलेला जसा डायोड लावतात तसा तुम्ही टोकापासून थेट प्लसला लावलाय. पण सहा वायरच्या मोटरमध्ये एका फेजच्या दोन्ही अर्ध्या कॉइल एकाच दातावर शेजारी-शेजारी गुंडाळलेल्या असतात. ट्रान्सफॉर्मरच म्हणा. एका अर्ध्यावर १२ व्होल्ट पडले की दुसऱ्या अर्ध्यात तेवढेच तयार होतात, आणि त्याचं मोकळं टोक प्लसच्याही वर, २४ व्होल्टकडे जायला बघतं. तिथे तुमचा डायोड ते प्लसला धरून ठेवतो. परिणामी त्या अर्ध्यातून उलटा करंट फिरतो आणि चालू अर्ध्यात चढणाऱ्या चुंबकत्वाला मागे ओढतो. ट्रान्झिस्टर बंद केल्यावर साचलेला करंटही त्याच डायोडमधून रेंगाळत राहतो, कारण त्याला विरोध फक्त ०.७ व्होल्टचा. पुढची स्टेप आली तरी आधीची कॉइल रोटरला सोडत नाही. गाडीचा ॲक्सिलरेटर आणि ब्रेक एकदम दाबावा, तसा प्रकार.

उपाय असा: चारही डायोडची कॅथोड एकत्र करा आणि तिथून प्लसला जाताना मध्ये उलट्या दिशेने झेनर (ठरावीक व्होल्टच्या वरच उलटा करंट सोडणारा डायोड) घाला. झेनरचा व्होल्टेज सप्लायपेक्षा बराच वर हवा. २४ व्होल्टच्या सप्लायला ३६ चा, पाच वॉटचा झेनर मी वापरतो. डायोड यूएफ ५४०८ सारखे फास्ट घ्या. १एन४००७ ची जागा रेक्टिफायरमध्ये, इथे तो मंद पडतो.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही. एका जुन्या पाउच मशिनला मी २४ व्होल्टवर आयआरएफझेड ४४एन लावले होते. ५५ व्होल्टचा मॉस्फेट, सप्लाय २४, दुपटीहून जास्त मोकळीक आहे असं वाटलं. मशिन सकाळी चालायचं आणि दुपारी एखादा मॉस्फेट शॉर्ट व्हायचा. पत्र्याच्या शेडमध्ये, एप्रिलमध्ये. मी आठवडाभर उन्हाला दोष दिला, पंखा लावला, हीटसिंक बदलला. शेवटी ओळखीच्या एकाकडून ऑसिलोस्कोप मागून आणला. ड्रेनवर, म्हणजे मॉस्फेटच्या मोटरकडच्या पायावर, सपाट ४८ व्होल्ट दिसत होते आणि त्यावर साठीपर्यंत जाणारं टोक. शेजारच्या अर्ध्या कॉइलने व्होल्टेज दुप्पट केला होता, आणि दोन अर्ध्यांतल्या गळतीने वर ते शिंग काढलं होतं. मॉस्फेट रोज आपल्या मर्यादेबाहेर मार खात होता आणि दुपारी गरम झाला की मान टाकत होता. तेव्हापासून सहा वायरच्या मोटरला सप्लायच्या चौपट व्होल्टचा मॉस्फेट हा माझा नियम. २४ ला १०० व्होल्टचा आयआरएफ ५४०एन. ३६ व्होल्टला १५० किंवा २०० चा शोधावा लागतो, आणि तिथून पुढे सहा वायरचं सर्किट स्वतः बांधण्यात मला अर्थ वाटत नाही.

मॉस्फेट लावताना लोक आणखी एक चूक करतात. आयआरएफ ५४०एन ला गेटवर १० व्होल्ट लागतात. आर्डुइनोच्या ५ व्होल्टवर तो अर्धवट उघडतो आणि टीआयपीसारखाच भाजतो. थेट पिनवरून चालवायचा असेल तर आयआरएल ५४०एन घ्या, नावातलं ते ‘एल’ बघून घ्या. दुकानदार ‘सेमच आहे साहेब’ म्हणाला तरी दुसरा घेऊ नका. गेटला १०० ओहम मालिकेत आणि गेटपासून ग्राउंडला १० किलोओहम, म्हणजे आर्डुइनो रिसेट होत असताना मॉस्फेट स्वतःच्या मर्जीने उघडणार नाही. आणि मॉस्फेटची पाठ म्हणजे ड्रेन. चारही एकाच हीटसिंकवर अभ्रकाच्या पट्टीशिवाय कसले, तर मोटरची चारही टोकं आपसात जोडली गेली. हसू नका, असं पॅनल माझ्याकडे आलेलं आहे.

आता तुमच्यासाठी काय योग्य, ते तुमच्या वेगावर ठरेल. रोलरचा व्यास तुम्ही ५० मिलिमीटर लिहिलाय, पाकीट १५० मिलिमीटरचं आणि मिनिटाला ३० पाकिटं. रोलरचा घेर १५७ मिलिमीटर, म्हणजे एका पाकिटाला जवळपास एक फेरा. दोन सेकंदांपैकी सील मारण्याचा वेळ वजा करून ओढायला ०.६ सेकंद मिळाले असं धरू. वेग हळूहळू वाढवून हळूहळू उतरवायचा तर मधला सर्वोच्च वेग सेकंदाला तीनेक फेरे होतो, साधारण ६४० स्टेप. फार नाही. इथे जुन्या पद्धतीनेही काम होईल: २४ व्होल्टचा सप्लाय आणि दोन्ही मधल्या वायरींत प्रत्येकी ५.१ ओहमचा रेझिस्टर. एकूण ६ ओहम, करंट बरोबर ४ अँपिअर, आणि कॉइलची चाल ४.४ वरून ०.६७ मिलिसेकंदांवर येते. चार कॉइल असल्या तरी रेझिस्टर दोनच लागतात, कारण एका फेजचा एकच अर्धा एका वेळी चालू असतो.

पण किंमत बघा. ४ चा वर्ग गुणिले ५.१ म्हणजे प्रत्येक रेझिस्टरमध्ये ८२ वॉट. दोन्ही मिळून १६० च्या वर, आणि मोटर नुसती उभी असतानाही. ॲल्युमिनियमच्या अंगाचे १०० वॉटचे रेझिस्टर जाड पत्र्यावर कसावे लागतील आणि पॅनलच्या बाहेर ठेवावे लागतील. पूर्वी मशिनं अशीच यायची, पॅनलच्या डोक्यावर जाळीच्या पिंजऱ्यात लालबुंद रेझिस्टर. शिकायचं म्हणून हे एकदा जरूर करा. रोज आठ तास चालणाऱ्या मशिनला मी हे लावणार नाही.

मी चॉपर लावीन. चॉपर ड्राइव्ह पूर्ण व्होल्टेज देऊन करंट झटकन चढवतो, छोट्या रेझिस्टरवर तो मोजतो, ४ ला पोचला की तोडतो, उतरला की परत देतो, सेकंदाला हजारो वेळा. रेझिस्टरमध्ये काही जळत नाही. स्वतः बांधता येतो: मॉस्फेटच्या सोर्सला (ग्राउंडकडच्या पायाला) ०.१ ओहम, त्यावर ४ अँपिअरला ०.४ व्होल्ट, ते एलएम ३९३ या व्होल्टेजची तुलना करणाऱ्या आयसीने तपासायचे. जुन्या माणसांना एल२९७ आठवेल, तो हेच काम करायचा. (त्याच्या जोडीचा एल२९८ तुमच्या मोटरला पुरणार नाही. दोन अँपिअरचा तो, वर तीन-चार व्होल्ट खातो.) पण स्कोप नसताना चॉपर बांधणं म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणं. डीएम ५४२ किंवा डीएम ८६० धर्तीचा तयार ड्राइव्ह घ्या. तुम्ही उडवलेले ट्रान्झिस्टर आणि वाया गेलेले रविवार मोजलेत तर तो महाग वाटणार नाही.

हे ड्राइव्ह चार वायरींचे असतात. तुमच्या सहापैकी कोणत्या वापरायच्या, इथे दोन वाटा आहेत. मधली वायर सोडून दोन्ही टोकं जोडलीत तर पूर्ण कॉइल लागते. टॉर्क जास्त, करंट ४ ऐवजी २.८ ठेवायचा, पण इंडक्टन्स चौपट, म्हणजे १६ मिलिहेन्री होतो आणि वेगाला मोटर लवकर दमते. मधली वायर आणि एक टोक जोडलंत तर अर्धी कॉइल, करंट ४, इंडक्टन्स ४ मिलिहेन्रीच. हळू आणि जड कामाला पहिली वाट बरी. तुमच्या रोलरला मी दुसरी घेईन, आणि फिल्म ओढताना घसरली तरच पहिली करून बघेन. न वापरलेली दोन टोकं वेगवेगळी टेप करा. ती मोकळी असली तरी मेलेली नाहीत, वर सांगितल्याप्रमाणे त्यांच्यावर सप्लायच्या दुप्पट व्होल्टेज उभं असतं.

डीएम ५४२ वर छापलेले ४.२ अँपिअर हे शिखराचे असतात, सरासरी तीनच्या आसपास. तुमच्या मोटरला आधी तेवढ्यावर चालवा, कमी पडलं तर डीएम ८६० आहेच.

सप्लाय किती? आमच्या धंद्यात एक अंदाज चालतो: इंडक्टन्सच्या मिलिहेन्रीचं वर्गमूळ काढा आणि ३२ ने गुणा, त्यापुढे जाऊ नका, मोटर उगाच तापते. ४ चं वर्गमूळ २, म्हणजे ६४ व्होल्ट ही वरची हद्द. डीएम ५४२ पन्नासपर्यंत सोसतो, म्हणून ३६ व्होल्टचा एसएमपीएस घ्या. करंट मात्र मोटरच्या बेरजेइतका, आठ अँपिअर वगैरे लागत नाही, हे अनेकांना पटत नाही. चॉपर बक कन्व्हर्टरसारखा (व्होल्ट उतरवणाऱ्या सर्किटसारखा) वागतो: सप्लायमधून व्होल्ट जास्त आणि करंट कमी घेतो, मोटरला व्होल्ट कमी आणि करंट जास्त देतो. दोन कॉइलची उष्णता २९ वॉट, त्यात रोलरचं काम मिळवा. ३६ व्होल्टला ५ अँपिअर भरपूर झाले.

जड रोलर झटकन थांबवला की मोटर जनरेटर होऊन सप्लायकडे व्होल्टेज परत ढकलते, आणि काही एसएमपीएस त्यावर रुसून बंद पडतात. ड्राइव्हजवळ ४७०० मायक्रोफॅरड ६३ व्होल्टचा कपॅसिटर ठेवा. किंवा सरळ ३० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि १०,००० मायक्रोफॅरड. त्यावर रिकाम्यावेळी ४० च्या पुढे व्होल्ट येतात आणि रात्री लाइन वाढली की ४४-४५. एमआयडीसीत रात्री मीटर लावून बघा, मग कळेल मी हे का सांगतोय.

प्रोग्रॅममध्ये तुम्ही ठरावीक डिले देऊन शून्यातून थेट पूर्ण वेग मागताय. कोणताही ड्राइव्ह लावा, यात मोटर स्टेप खाणारच. आर्डुइनोची ॲक्सेलस्टेपर लायब्ररी वापरा आणि वेग चढता-उतरता ठेवा. ड्राइव्हवर मायक्रोस्टेप (एका स्टेपचे किती तुकडे करायचे) चारवर ठेवा, फेऱ्याला ८०० पल्स. सेकंदाला तीन-सव्वातीन फेऱ्यांना अडीच हजार पल्स होतात, ते साध्या आर्डुइनोला झेपतात. सोळावर ठेवलंत तर दहा हजार लागतील आणि ती लायब्ररी चार हजारांच्या आसपासच दमते. मग परत वाटेल मोटरच खराब आहे.

जोडण्याआधी वायरी ओळखून घ्या: टोक ते टोक १.८ ओहम, मध्य ते टोक ०.९, आणि दोन वेगळ्या फेजच्या वायरींमध्ये मीटर जोडणीच दाखवत नाही. ड्राइव्ह चालू असताना मोटरची वायर काढू नका, त्या ठिणगीत ड्राइव्ह जातो. पहिल्यांदा रोलर न बसवता मिनिटाला ६० फेऱ्यांवर अर्धा तास फिरवा. मोटरचं अंग ७० अंशांपर्यंत जाईल, हात दोन सेकंद ठेवता येणार नाही. त्याला घाबरून करंट कमी करू नका, या मोटरी तशाच तापतात. ड्राइव्हची पाठ तेवढी तापली तर मात्र मला सप्लायचे व्होल्ट मोजून कळवा.